मुक्या पट्ट्यांचा भाता

मिडी कीबोर्डाची यूएसबी वायर काढून त्याच्यावर भूप रागाची एखादी तान वाजवली, तर पट्ट्या खाली-वर होतानाची टकटक सोडून काहीही ऐकू येत नाही. त्याच्या पोटात सूर (पेटीत वाजणाऱ्या पितळी जिभा) नसतात, स्पीकर नसतो, साठवून ठेवलेला कोणताही नाद नसतो. शाळकरी वयापासून पेटी वाजवत आलेल्या माणसाच्या बुद्धीला ही गोष्ट लगेच समजते, पण हाताला पटायला वेळ लागतो, कारण पेटीचा भाता मिटलेला असला तरी आत सूर आहेत याची हाताला खात्री असते. चार वर्षांपूर्वी मी ४९ पट्ट्यांचा असा एक कीबोर्ड घेऊन तो संगणकावरच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरला, म्हणजे नाद तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडला. पेटीवर हात बसलेले माझे काही मित्र आता त्याच वाटेला लागले आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न कोणता कीबोर्ड घ्यावा हाच असतो. मला त्याहून दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हाताची कोणती हालचाल नादाच्या कोणत्या अंगाशी बांधायची? पेटी बनवणाऱ्या कारागिराने हा निर्णय आपल्यासाठी घेऊन ठेवलेला असतो. मिडी कीबोर्डाच्या बाबतीत तो वादकाला स्वतः घ्यावा लागतो, आणि जोवर तो घेतला जात नाही तोवर समोरची वस्तू वाद्य होत नाही, असे मला अनुभवाने पटलेले आहे.

वायरीतून नेमके काय जाते ते एकदा नीट समजून घेतले की पुढचे पुष्कळसे सोपे होते. मधल्या सप्तकातली पांढरी एक (इंग्रजीतला सी) दाबली की कीबोर्ड संगणकाला तीन आकडे पाठवतो. पहिला १४४, म्हणजे पहिल्या चॅनेलवर (निरोपांच्या पहिल्या वाटेवर) स्वर सुरू करावा. दुसरा ६०, म्हणजे कोणती पट्टी. आणि तिसरा १ ते १२७ यांमधला, म्हणजे ती पट्टी किती वेगाने खाली गेली. पट्टी सोडली की स्वर थांबवण्याचा निरोप जातो. नाद बासरीसारखा आहे की घंटेसारखा, याचा त्या निरोपात उल्लेखही नसतो. नॉब, चाके आणि पेडल यांचेही तसेच: कोणता नॉब हलला आणि तो ० ते १२७ मध्ये कुठे येऊन थांबला, एवढेच पलीकडे पोहोचते (स्वर सरकवणाऱ्या एका चाकाच्या पायऱ्या मात्र याहून पुष्कळ जास्त, त्याबद्दल पुढे). मिडी नावाची ही पद्धत सिक्वेन्शियल सर्किट्स या वाद्यकंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलँड या दुसऱ्या कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरली, आणि १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून ती लोकांना दाखवण्यात आली. त्या वेळच्या पाच पिनांच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जात असत, म्हणजे एका स्वराचा निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोहोचत असे. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी देण्यात आले. आजही माझ्या टेबलावरच्या यूएसबी वायरीतून तेच तीन आकडे जातात, आणि इतक्या वर्षांत न मोडलेल्या या साधेपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

पहिली अडचण येते ती उशिराची. संगणक नाद अखंड धारेने देत नाही, तो गठ्ठ्यागठ्ठ्याने देतो, आणि त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ नमुन्यांना ५.८, आणि १२८ नमुन्यांना जेमतेम ३. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागत असल्यामुळे २५६ चा बफर म्हणजे आपल्यापासून दोन मीटरांवर बसलेला तबलजी, आणि बैठकीत तेवढ्या अंतराची आपल्या कानाला सवयच असते. मात्र २३ मिलिसेकंद म्हणजे तबलजी आठ मीटर लांब जाऊन बसल्यासारखे होते. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेला २०० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात चौपटीची तान घेतली तर एका स्वराच्या वाट्याला ५० येतात. म्हणजे निम्मा स्वर होऊन गेल्यावर त्याचा आवाज कानी येऊ लागतो, बोटे त्याची वाट पाहू लागतात आणि तान अडखळते. विंडोजवर एएसआयओ प्रकारचा (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज बाहेर देणारे उपकरण, जोडला आणि बफर २५६ वर किंवा त्याखाली आणला की हा प्रश्न सुटतो. ब्लूटूथचे हेडफोन मात्र या कामाला अजिबात वापरू नयेत. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. मी आठवडाभर बफर कमी-जास्त करत बसलो होतो आणि उशीर काही जाईना, कारण तो बफरचा नव्हताच. मी निवडलेल्या नादाचा अटॅक, म्हणजे स्वर शून्यापासून पूर्ण भरायला लागणारा वेळ, जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा ठेवलेला होता. तो शून्याच्या जवळ आणल्याबरोबर स्वर बोटाखाली आला.

दुसरी अडचण पेटीवादकांची खास आहे. पेटीची पट्टी हळू दाबा किंवा जोरात दाबा, सूर तेवढाच वाजतो. आवाजाचे लहान-मोठेपण सर्वस्वी भात्याकडे असते. त्यामुळे आपली बोटे पट्टीच्या वेगाचा विचार न करता फिरायला शिकलेली असतात. करंगळी हलकी पडते, मधले बोट जड पडते, आणि पेटीवर ते कोणाला कळत नाही. मिडी कीबोर्डावर मात्र तो तिसरा आकडा हे सगळे उघड करतो. मी पहिल्यांदा अलंकार वाजवून ते आकडे पडद्यावर पाहिले, तेव्हा एकाच आरोहात सा ९१, रे ६४, ग ८८ आणि म ४७ असे चढउतार दिसले आणि कानाला ती सरगम लंगडत चालल्यासारखी वाटली. पियानो शिकलेला माणूस म्हणेल की बोटे सुधारा, आणि पियानोच्या नादासाठी ते योग्यच आहे. पण मला पेटीच्या जातीचा, लांब टिकणारा सूर हवा होता. म्हणून मी सिंथेसायझरमध्ये पट्टीचा वेग आणि आवाज यांचा संबंध तोडून टाकला. त्यासाठी कीबोर्डात बदल करावा लागत नाही. तो आकडा येतच राहतो, आपण त्याच्याकडे पाहायचे की नाही हे सॉफ्टवेअरमध्ये ठरते. संबंध तोडल्यावर सरगम सारखी झाली खरी, पण त्याबरोबर ती निर्जीवही झाली. भात्याची जागा रिकामी होती.

ती कशी भरायची हे मला माझ्या गुरुजींमुळे सुचले. पहिल्या वर्षाच्या शेवटी ते घरी आले होते. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, उजव्या हाताने सा धरला, आणि त्यांचा डावा हात सवयीने कीबोर्डाच्या पाठीमागे गेला. तेथे काहीच नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी विचारले, “अरे, याला भाता कुठे आहे?”

“भाता नाही गुरुजी. डाव्या बाजूला ही दोन चाके आहेत, त्यांतले हे दुसरे फिरवून बघा.”

त्यांनी ते सावकाश पुढे ढकलले. मॉड्युलेशनचे ते चाक त्या नादात स्वर थरथरवण्याच्या कामाला लावलेले होते, म्हणून सा कंप पावू लागला. गुरुजींनी हात काढला आणि म्हणाले, “सूर हलवायचा नसतो रे. तो फुगवायचा असतो, आणि मिटवायचा असतो.”

त्या रात्री मी चाकाचा कंपाशी असलेला संबंध काढून टाकला आणि ते आवाजाशी जोडले. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर असतो आणि मिडी कीबोर्डावर चाके असतात तीही डावीकडेच, ही जुळणी इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्याकडचा सिंथेसायझर सर्ज एक्सटी हा आहे. तो विनामूल्य आहे, आणि मूळ निर्मात्याने २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केल्यापासून अनेक जण मिळून तो वाढवत आहेत. त्यात एखादे चाक हव्या त्या गुणधर्माशी, एकाच वेळी अनेक गुणधर्मांशीही, जोडता येते. नुसत्या आवाजाशी जोडून भागले नाही, कारण तो रेडिओचा आवाज लहान-मोठा केल्यासारखा वाटत होता. खऱ्या पेटीवर भाता जोरात चालवला की सूर मोठा तर होतोच, पण त्याला धारही येते. वरचे स्वरांश अधिक ऐकू येऊ लागतात. म्हणून तेच चाक मी फिल्टरच्या कटऑफशीही, म्हणजे हे वरचे स्वरांश कुठवर जाऊ द्यायचे त्या मर्यादेशीही, जोडले. चाक खाली असताना फिल्टर बराचसा बंद राहून सूर मऊ आणि गोल येतो, चाक वर जाईल तसा तो उघडतो. नाद म्हणून दोन करवती (करवतीच्या दातांच्या आकाराच्या) लहरी घेतल्या, एक मूळ सप्तकात आणि दुसरी खर्जात, दुसरीचा आवाज पहिलीच्या निम्मा. याहून अधिक सजावट केली नाही. पेटीची हुबेहूब नक्कल हा हेतू नव्हता. ती करायची असेल तर ध्वनिमुद्रित नमुन्यांचा रस्ता वेगळा आहे, आणि खरी पेटी तर शेजारी होतीच.

चाक आणि भाता यांत एक मोठा फरक उरतो, आणि त्याची तयारी हातालाच करावी लागते. भाता थांबला की सूर विरतो. चाक मात्र जेथे सोडाल तेथे राहते, आणि सूरही तसाच, एका रेषेत, कितीही वेळ वाजत राहतो. असा सपाट सूर चार आवर्तने ऐकला की कान थकतो. म्हणून चाकावरचा अंगठा कधीच पूर्ण स्थिर राहू द्यायचा नाही, दर श्वासाला तो किंचित वर जाऊन परत यायला हवा, अशी सवय मी प्रयत्नपूर्वक लावून घेतली. त्यासाठी दोन महिने मी तानपुऱ्यावर फक्त सा, प आणि वरचा सा धरून बसत असे. बोटांच्या तयारीपेक्षा या अभ्यासाचा उपयोग अधिक झाला, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच अभ्यास आधी सांगतो.

मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, आली आणि बसलेली घडी विस्कटली. पेटीवर मींड निघत नाही, हा तिच्यावरचा सर्वांत जुना आक्षेप आहे. सिंथेसायझरवर ती निघते, आणि खरे सांगायचे तर त्याच ओढीने मी इकडे आलो होतो. मींड काढण्याचे पहिले चाक, म्हणजे पिच बेंडचे, मॉड्युलेशनच्या चाकाला लागूनच असते. ते सोडले की स्प्रिंगमुळे आपोआप मध्यावर परत येते. त्याच्यासाठी मिडीमध्ये १६,३८४ पायऱ्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे स्वर सरकताना पायऱ्या ऐकू येण्याचे कारण नाही. मात्र काही स्वस्त कीबोर्ड प्रत्यक्षात १२८ च पायऱ्या पाठवतात, आणि बेंडची मर्यादा एका सप्तकाची ठेवली तर त्यांतली प्रत्येक पायरी जवळजवळ १९ सेंटांची होते. अर्ध्या स्वराच्या अंतराचे १०० सेंट होतात हे लक्षात घेतले, तर अशी मींड जिना उतरल्यासारखी का वाटते ते कळेल. मी मर्यादा चार अर्धस्वरांची ठेवली. भूपातल्या प-ग मींडेला ती पुरते आणि हातात थोडी जागाही उरते.

ही प-ग मींड बसवताना मला एक रीत सापडली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. सरळ मार्ग म्हणजे पंचमाची पट्टी दाबून चाक मागे ओढायचे आणि गांधार आला की थांबायचे. यात दोन अडचणी आहेत. गांधारावर थांबायचे तर अर्धवट ओढलेले, स्प्रिंग उलट ताण देत असलेले चाक तसेच धरून ठेवावे लागते, आणि त्यात गांधार डळमळतो. शिवाय पुढचा स्वर घ्यायचा तर आधी चाक सोडावे लागते, की गांधार पुन्हा वर उसळतो. सतारीवर तार आधी ओढून मग छेडतात आणि उतरती मींड घेतात. तेच येथे केले. आधीचा स्वर संपला की चाक आवाज न करता वर चढवून ठेवायचे, मग पट्टी दाबायची ती गांधाराची. चाक वर असल्यामुळे कानाला ऐकू येतो पंचम. मग चाक सावकाश मध्यावर येऊ द्यायचे. ते मध्यावर आले की गांधार बरोबर त्याच्या जागी लागतो, कारण मध्य म्हणजे पट्टीचा स्वतःचा स्वर. स्प्रिंग आता विरोधात न जाता साथ करते. फक्त चाक एकदम सोडायचे नाही, बोटाने आवरत आणायचे. आरंभीचा पंचम कानाने शोधावा लागतो, पण पोचायचा स्वर पक्का असतो, आणि मींडेत श्रोत्याचे लक्ष असते ते पोचण्याच्या जागेकडेच. आधीच्या स्वराचा रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर तो विरायला लागणारा वेळ, मात्र अगदी आखूड ठेवावा, नाहीतर त्याची विरत जाणारी शेपटीही चाकाबरोबर वर चढते आणि सगळे बिघडते. बेंड त्या चॅनेलवरच्या सर्व स्वरांना लागू होत असल्यामुळे याच नादात षड्ज धरून ठेवून मींड घेता येत नाही. तानपुरा वेगळाच हवा. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देऊन ही अडचण दूर करणारी एमपीई नावाची पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली, पण तिच्यासाठी वेगळ्या प्रकारचा कीबोर्ड लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

अडचण अशी की डावा हात एकच आणि चाके दोन. मींड घेताना भाता थांबे, भाता चालवताना मींड सुटे. काही आठवडे मी अंगठ्याने एक आणि तर्जनीने दुसरे असा प्रयत्न केला. संथ आलापीत जमे, पुढे जमेना. उत्तर पुन्हा आपल्याच वाद्यपरंपरेत मिळाले. नाट्यसंगीताच्या साथीला पूर्वी जो ऑर्गन असे, किंवा सिंधुदुर्गात दशावताराला आजही जी पायपेटी असते, त्यांत हवा भरण्याचे काम पाय करतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मिडीच्या जगात त्या जागी एक्स्प्रेशन पेडल आहे. मी ते घेऊन आवाज आणि फिल्टर दोन्ही त्याच्याकडे सोपवले, आणि डावा हात मींडेसाठी मोकळा झाला. पायपेटीसारखे ते सतत मारावे लागत नाही, टाच आणि चवडा यांच्यामध्ये झुलवावे लागते, तरीही पायाला ते काही दिवसांत उमगते. म्हणून कीबोर्ड घेऊ पाहणाऱ्यांना मी एकच गोष्ट तपासायला सांगतो, ती म्हणजे त्याला एक्स्प्रेशन पेडलचे भोक आहे का. पुष्कळ लहान कीबोर्डांना फक्त सस्टेन पेडलचे असते, आणि सस्टेन पेडल हे दिव्याच्या बटणासारखे चालू किंवा बंद एवढेच जाणते. पट्ट्यांची संख्या, पॅडे, रंगीत दिवे यांकडे नंतर पाहता येईल. साडेतीन सप्तकांच्या पेटीवर वाढलेल्या हाताला ४९ पट्ट्या पुरून उरतात.

आता श्रुतींविषयी, म्हणजे स्वरांच्या नेमक्या, बारीक फरकांच्या जागांविषयी. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले, ही गोष्ट पेटीवाल्यांच्या घरोघरी सांगितली जाते. आक्षेप मुख्यतः दोन होते: मींड नाही, आणि स्वर समान अंतरांवर बसवलेले असल्यामुळे बेसूर. दुसरा आक्षेप संगणकालाही तितकाच लागू आहे, कारण सिंथेसायझर उघडल्याबरोबर मिळतात ते समान अंतरांचेच बारा स्वर. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जाच्या ५/४ पट, म्हणजे ३८६ सेंटांवर असतो. कीबोर्डाचा ४०० वर, चौदा सेंट चढा. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, तीत प्रत्यक्ष सूर वाढवून बसवावे लागले. सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका साध्या मजकुराच्या फाइलीने होते. स्काला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फाइलीत पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत स्वरांची संख्या, आणि त्याखाली एकेका ओळीत एकेक गुणोत्तर लिहायचे: कोमल रे १६/१५, शुद्ध रे ९/८, कोमल ग ६/५, शुद्ध ग ५/४, असे करत शेवटी वरचा सा २/१. सर्ज एक्सटीला ही फाइल दिली की त्याच पट्ट्या नव्या जागी बोलू लागतात. मी पहिल्यांदा तानपुरा लावून असा गांधार धरला, तेव्हा नेहमी जाणवणारी बारीक खरखर नाहीशी झाली आणि गांधार तानपुऱ्याच्या आत जाऊन बसला. इतकी वर्षे पेटीवर मी जे ऐकत होतो त्यात काय कमी होते, ते मला त्या क्षणी कानाने कळले.

या फाइलीने एकदा मला फसवलेही. गुरुजींच्या घरी एका गायकाला साथ करायची होती आणि त्यांची पट्टी पांढरी दोन. मी नेहमी पांढरी एकवरच बोटे चालवतो, म्हणून कीबोर्डावरचे ट्रान्स्पोजचे बटण दोनदा दाबले आणि निश्चिंत झालो. षड्ज जुळला, गांधार जुळला, आणि पंचम लावल्याबरोबर गायकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. पंचम तानपुऱ्याशी भांडत होता. मी वाजवणे थांबवले आणि त्या दिवशीची साथ पेटीवर केली. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कारण उलगडले. ट्रान्स्पोजचे बटण फक्त पट्टीचा क्रमांक बदलून पाठवते. श्रुतींची मांडणी सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ती पांढरी एकलाच खिळलेली राहते. त्यामुळे माझा नवा षड्ज म्हणजे जुना रिषभ, आणि नवा पंचम म्हणजे जुना धैवत. ९/८ च्या रिषभापासून ५/३ च्या धैवतापर्यंतचे अंतर ६८० सेंट भरते, खऱ्या पंचमाचे ७०२. बावीस सेंटांनी उतरलेला पंचम कोणत्या गायकाला चालेल? यावर उपाय म्हणजे कीबोर्डाला हात न लावता मांडणीच उचलायची. स्कालाच्या जोडीला दुसरी एक फाइल असते, तिच्यात कोणत्या पट्टीला कोणती कंपनसंख्या द्यायची ते लिहिता येते. पट्टी तीच ६०, आणि तिच्यासमोर पांढरी एकच्या २६१.६३ हर्ट्झऐवजी पांढरी दोनचे २९३.६६. आता माझ्याकडे बारा पट्ट्यांच्या अशा बारा फाइली तयार आहेत, आणि ट्रान्स्पोजच्या बटणावर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे.

बाकीच्या कटकटी लहान आहेत. सस्टेन पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड चालू केला तर पुष्कळदा पेडलचा अर्थ उलटा होतो, पाय उचलला की स्वर लांबतो. बंद करून पुन्हा चालू केला की ठीक होते. वायर सैल असेल आणि स्वर थांबवण्याचा निरोप वाटेत हरवला, तर तो स्वर अखंड वाजत राहतो, म्हणून सर्व स्वर एकदम थांबवणारी आज्ञा एखाद्या बटणावर बसवून ठेवावी. नॉब एका जागी आणि पडद्यावरची किंमत दुसऱ्या जागी असेल, तर नॉबला हात लागताच नाद दचकून उडी मारतो. वाजवायला बसण्यापूर्वी सगळे नॉब एकदा टोकापर्यंत फिरवून आणण्याची सवय लावली की हे टळते.

प्रीसेटांबद्दल माझे मत ठाम आहे. या सॉफ्टवेअरांबरोबर शेकडो तयार नाद येतात आणि संध्याकाळ त्यांतून फिरण्यात सहज सरते. प्रत्येक नादात चाकाचा अर्थ वेगळा, पेडलचा अर्थ वेगळा, पट्टीच्या वेगाचा अर्थ वेगळा. हाताने एका नादात जे कमावले ते पुढच्या नादात निरुपयोगी होते. मी गेली दोन वर्षे एकच नाद वाजवतो. त्यात फिल्टर थोडा इकडे-तिकडे झाला असेल, पण पाय म्हणजे भाता आणि पहिले चाक म्हणजे मींड ही बांधणी मी बदललेली नाही, आणि आता मींड घेताना चाक आठवावे लागत नाही.

सध्या काम चालले आहे ते धैवतावर. भूप आणि देशकार यांत तेच पाच स्वर आहेत, पण गुरुजी देशकाराचा धैवत भूपापेक्षा चढा लावायला शिकवतात. पेटीवर दोन्ही हवे असतील तर सूर खरवडावा लागेल, आणि एकदा खरवडला की तो एकाच रागाचा झाला. येथे फाइलीतली एकच ओळ बदलायची होती: भूपासाठी ५/३, म्हणजे ८८४ सेंट, आणि देशकारासाठी २७/१६, म्हणजे ९०६. गेल्या गुरुवारी दोन्ही फाइली घेऊन मी गुरुजींकडे गेलो आणि कोणता कोणता ते न सांगता दोन्ही धैवत तानपुऱ्यावर आळीपाळीने ऐकवले. पहिल्याला ते काही बोलले नाहीत. दुसरा लागल्यावर त्यांनी हात वर करून मला तेथेच थांबायला सांगितले, डोळे मिटले आणि त्याच धैवतावर देशकाराची आलापी धरली. मी पट्टी दाबून ठेवली होती आणि पायाने सूर हळूहळू त्यांच्या आवाजाखाली नेत होतो.